पंचमीच्या दिवशी जिंकलेलं सोनं

आम्ही दिंद्रुडहून बोलतोय. आपण भेटतो तेव्हा बचत, हप्ता, कर्जाचा ठराव, असंच काहीतरी बोलणं असतं. आज वह्या बाजूला ठेवू. आज आम्ही एका खेळाची गोष्ट सांगणार आहोत. आधी एक प्रश्न विचारतो, मनातल्या मनात उत्तर द्या.

२०२२ सालची नागपंचमी आठवते का? मंगळवार होता, २ ऑगस्ट. गावोगाव लेकी माहेरी आल्या होत्या. लिंबाच्या, चिंचेच्या फांदीला झोके बांधले होते. फुगड्या झाल्या, गाणी झाली. आपण सगळ्या त्या दिवशी खेळलो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो.

त्याच दिवशी, आपल्याकडे दुपार कलली होती तेव्हा, इंग्लंडमध्ये आपल्या देशाच्या चार बायका हिरवळीवर एक जड चेंडू गडगडवत होत्या. चौघींनी त्या दिवशी भारतासाठी सुवर्णपदक जिंकलं. स्पर्धेचं नाव राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा, इंग्रजीत कॉमनवेल्थ गेम्स. मुख्य गाव बर्मिंगहॅम, आणि हा खेळ त्याच्या जवळच्या लेमिंग्टन स्पा या गावातल्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये झाला. खेळाचं नाव लॉन बोल्स. पेपरात कुठे लॉन बॉल्स असंही छापून येतं.

त्याच स्पर्धेत आपल्या बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे धावला होता. आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. ६ ऑगस्टला त्याने ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूपेक्षा तो फक्त पाच शतांश सेकंदांनी मागे राहिला. तो व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. या चार बायकांचं मात्र आपल्याला फारसं कळलं नाही. आम्हालाही उशिरा कळलं. म्हणून आज सांगतोय.

गोट्यांची थोरली बहीण

हा खेळ समजायला अवघड नाही. लहानपणी भावांच्या गोट्या ढापून खेळलेल्या बायांना तर लगेच समजेल.

एक मोठं चौकोनी हिरवं मैदान असतं. गवत इतकं बारीक कापलेलं की सतरंजी अंथरल्यासारखं दिसतं. त्याच्या चारी बाजूंनी उथळ चर असतो. मैदानाचे लांब लांब पट्टे पाडलेले असतात, शेतात पाट्या पाडतो तसे. एका पट्ट्यावर दोन संघांचा एक सामना.

आधी एक लहान चेंडू गडगडवत पुढे सोडतात. तो मोसंबीएवढा असतो, पांढरा किंवा पिवळा. त्याला जॅक म्हणतात. तो उभं राहायच्या जागेपासून निदान २३ मीटर लांब जावा लागतो, म्हणजे साधारण ७५ फूट. मग दोन्ही संघ आळीपाळीने आपापले मोठे चेंडू त्या जॅकच्या दिशेने सोडतात. मोठा चेंडू सोललेल्या नारळाएवढा, पण भरीव, दीड किलोच्या आसपास वजनाचा. खेळाडू एका छोट्या चटईवर उभी राहते. चेंडू सोडताना निदान एक पाय त्या चटईवर किंवा चटईच्या वर पाहिजे. चेंडू फेकायचा नाही, आपटायचा नाही. गुडघे वाकवून, खाली झुकून हळूच जमिनीवर सोडायचा.

ज्याचा चेंडू जॅकच्या जास्त जवळ, त्याची सरशी. एवढाच खेळ.

गुण कसे मोजतात तेही सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. सगळे चेंडू टाकून झाले की एक फेरी संपते. एका फेरीत एकाच संघाला गुण मिळतात. समजा लाल आणि निळा असे दोन संघ आहेत. जॅकच्या सगळ्यात जवळ लालचा चेंडू आहे, त्यानंतर लालचाच दुसरा आहे, आणि मग निळ्याचा आहे. तर लालला दोन गुण, निळ्याला शून्य. निळ्याचा चेंडू अर्ध्या बोटाने जरी जवळ असता, तरी हिशेब उलटला असता. त्या दिवशीचा अंतिम सामना १५ फेऱ्यांचा होता.

आणखी एक. आपण दुसऱ्याचा चेंडू धडकवून बाजूला सारू शकतो. जॅकलाच ढकलून आपल्या चेंडूंजवळ नेऊ शकतो. त्यामुळे पंधराव्या फेरीतला शेवटचा चेंडू थांबेपर्यंत काही खरं नसतं.

सरळ न जाणारा चेंडू

आता या खेळातली खरी गंमत. हा चेंडू दिसायला गोल असतो, पण पूर्ण गोल नसतो. त्याची एक बाजू मुद्दाम जराशी वेगळी घडवलेली असते. त्यामुळे तो सरळ जातच नाही. सोडला की थोडा वेळ नीट जातो, आणि वेग कमी होत आला की एका बाजूला वळायला लागतो. कोणत्या बाजूला वळणार ते कळावं म्हणून चेंडूवर दोन्हीकडे खुणा असतात. लहान खूण ज्या बाजूला, त्या बाजूला तो वळतो.

असं का होतं? लेकरं जुनं टायर काठीने पळवतात ते आठवा. टायर जोरात आहे तोवर सरळ पळतं. जोर कमी झाला की एका बाजूला झुकतं, आणि ज्या बाजूला झुकलं त्या बाजूला वळत वळत पडतं. लॉन बोल्सच्या चेंडूचंही तसंच आहे. त्याची झुकायची बाजू आधीच ठरवून दिलेली असते, एवढाच फरक.

म्हणून या खेळात नुसती ताकद लावून काही होत नाही. जॅक समोर दिसतो, पण समोर नेम धरायचा नसतो. बाजूला कुठे तरी रिकाम्या जागेत चेंडू सोडायचा, आणि तो वळत वळत जॅकपाशी यावा अशी वाट पाहायची. किती बाजूला, किती जोरात, गवत ओलं आहे की कोरडं, वारा कुठला, हे सगळं ध्यानात घ्यावं लागतं. भाकरी थापताना पाणी किती घ्यायचं हे कुणी मोजून सांगत नाही. ज्वारी जुनी की नवी ते हाताला कळतं. या खेळातही वर्षानुवर्षं सराव केला की हाताला कळायला लागतं.

आणि हाताला कळायला लागतं ते वयाबरोबर कमी होत नाही. म्हणून हा खेळ चाळिशीत, पन्नाशीत, त्यापुढेही खेळता येतो. बर्मिंगहॅमच्याच स्पर्धेत ज्यांना नीट दिसत नाही अशा स्त्री-पुरुषांच्या जोड्यांचाही सामना होता. चेंडू कुठे थांबला ते सोबतचा माणूस त्यांना सांगतो.

चौघींची कामं

हा खेळ एकट्याचा असतो, दोघांचा, तिघांचा आणि चौघांचाही असतो. आपल्या बायकांनी सोनं जिंकलं ते चौघींच्या सामन्यात. चौघींपैकी प्रत्येकीला दोन चेंडू मिळतात आणि प्रत्येकीचं काम वेगळं असतं. गट चालवणाऱ्या बायांनी हे लक्ष देऊन ऐकावं.

पहिली खेळाडू चटई टाकते, जॅक सोडते आणि आपले चेंडू जॅकच्या जवळ नेऊन बसवते. तिने पाया नीट घातला तर पुढच्यांना सोपं जातं. दुसरी पहिलीचं काम पक्कं करते, किंवा पहिलीचं चुकलं असेल तर सावरते. तिसरी अनुभवी असते. कुणाचा चेंडू किती जवळ, हे मोजायला ती पुढे होते. चौथी म्हणजे कर्णधार, तिला स्किप म्हणतात. बाकीच्या तिघी खेळतात तेव्हा ती पलीकडच्या टोकाला, जॅकजवळ उभी राहून हाताने खुणा करते, की इकडून सोड, जरा जोर कमी कर. कारण ७५ फुटांवरून चटईवरच्या बाईला नीट दिसत नाही. जवळून पाहणारीने सांगायचं आणि लांबून टाकणारीने विश्वास ठेवायचा. सगळ्यांचं झालं की स्किप स्वतः चटईवर येते आणि शेवटचे चेंडू टाकते. तिघींनी जे बिघडवलं किंवा घडवलं ते सगळं तिच्या हातात येतं.

खेळायचा हक्क कुणाला

हा खेळ फार जुना. इंग्लंडच्या साउथहॅम्प्टन गावातलं एक मैदान तर १२९९ सालापासूनचं मानलं जातं. पण तिथेही तो सगळ्यांना खेळू देत नव्हते. १५४१ साली आठव्या हेन्री राजाच्या वेळी कायदा झाला. कारागिरांनी, मजुरांनी, नोकरांनी हा खेळ खेळायचा नाही. खेळायचाच तर फक्त नाताळात, तोही मालकाच्या घरी. कारण काय, तर लोक खेळत बसले तर धनुष्यबाणाचा सराव कोण करणार, कामं कोण करणार! पैसेवाल्यांना स्वतःच्या बागेत खेळायला मोकळीक होती. तो कायदा १८४५ साली रद्द झाला. म्हणजे तीनशे वर्षं कष्टकऱ्याला वर्षातून एकदा, सणाच्या दिवशी, खेळायची परवानगी होती.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आपली पंचमी आठवली. आपल्याला असा कायदा कुणी केला नाही. तरी लग्न झालेली बाई वर्षातून किती दिवस खेळते?

बायकांना तर त्यांच्याकडेही उशिराच जागा मिळाली. राष्ट्रकुल स्पर्धा १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टन गावात सुरू झाल्या. त्या पहिल्या स्पर्धेतही लॉन बोल्स होता, पण पुरुषांचा. बायकांचा सामना पहिल्यांदा झाला १९८२ साली, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला. मधे ५२ वर्षं गेली. या खेळाची जागतिक स्पर्धा पुरुषांसाठी १९६६ साली सुरू झाली, बायकांसाठी १९६९ साली, दोन्ही ऑस्ट्रेलियातच. आता तिथे पुरुषांचे जितक्या प्रकारचे सामने, तितकेच बायकांचे होतात.

भारतात हा खेळ जरा जोरात सुरू झाला तो २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या तेव्हा. यजमान देशाचा संघ तर हवा, म्हणून खेळाडू शोधले गेले. दिल्ली, रांची, गुवाहाटी अशा मोजक्या ठिकाणी मैदानं झाली. म्हणून आपले बरेचसे खेळाडू दिल्ली, झारखंड आणि आसामचे दिसतात.

त्या चौघी कोण

आता चौघींची ओळख. पहिल्या क्रमांकावर खेळल्या लव्हली चौबे. झारखंड पोलिसात नोकरी. आधी त्या धावपटू होत्या, पण दुखापत झाली आणि पळणं सुटलं. दुसऱ्या पिंकी. दिल्लीतल्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका. आधी क्रिकेट खेळायच्या. तिसऱ्या नयनमोनी सैकिया. आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातल्या, शेतकरी घरातल्या. आधी वजन उचलायच्या, वेटलिफ्टिंग. पायाला दुखापत झाली, मग या खेळाकडे वळल्या. चौथ्या, म्हणजे स्किप, रूपा राणी तिर्की. रांचीच्या. आधी कबड्डी खेळायच्या, पुढे जिल्हा क्रीडा अधिकारी झाल्या.

चौघीही तिशी ओलांडलेल्या. कुणी चाळिशीच्या आसपास. चौघींचा पहिला खेळ दुसराच होता. कुणाचा दुखापतीने सुटला, कुणाचा आयुष्याच्या ओघात मागे पडला. आपल्याकडे अशा बाईला म्हणतात, झालं तुझं खेळणं, आता लेकरांचं बघ. या चौघींनी दुसरा खेळ धरला आणि बारा-पंधरा वर्षं धरून ठेवला. एवढ्या वर्षांत राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला या खेळात एकही पदक नव्हतं. पेपरात नाव नव्हतं. लोक विचारायचे, हा कसला खेळ?

बर्मिंगहॅमला उपांत्य सामना होता न्यूझीलंडशी. तो देश या खेळात मुरलेला. पहिल्या दोन फेऱ्यांत आपण ०-५ असे मागे पडलो. तिथून चौघींनी एक-एक गुण जोडत नेला. चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा न्यूझीलंडकडे १३ आणि आपल्याकडे १२ गुण होते. एकच फेरी उरलेली, आणि आपण एका गुणाने मागे. त्या शेवटच्या फेरीत रूपा राणींच्या चेंडूने डाव फिरवला. त्या एका फेरीत आपल्याला चार गुण मिळाले. १६-१३ असा सामना जिंकला आणि पदक नक्की झालं.

दुसऱ्या दिवशी, पंचमीला, दक्षिण आफ्रिकेशी अंतिम सामना. सुरुवात चांगली झाली, ८-२ अशी आघाडी मिळाली. पण दक्षिण आफ्रिकेने पाठलाग करत गाठलं आणि पुढेही गेले. बारा फेऱ्यांनंतर दोघांचे १०-१० झाले. एवढी आघाडी हातची गेली की कुणाचाही धीर सुटतो. या चौघींचा सुटला नाही. उरलेल्या तिन्ही फेऱ्या त्यांनी जिंकल्या. शेवटी गुण झाले १७-१०. भारताचं या खेळातलं पहिलं राष्ट्रकुल पदक, तेही सोन्याचं.

चार दिवसांनी, ६ ऑगस्टला, पुरुषांच्या चौघांच्या संघानेही रौप्यपदक मिळवलं. सुनील बहादूर, नवनीत सिंग, चंदन कुमार सिंग आणि दिनेश कुमार. अंतिम सामन्यात ते उत्तर आयर्लंडकडून हरले. आपल्या अविनाशचं रौप्यपदकही त्याच दिवशीचं.

नयनमोनी यांना त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला, पिंकी यांना पुढच्या वर्षीचा.

आमच्या बैठकीत काय झालं

आता दिंद्रुडची गोष्ट. हा व्हिडिओ आम्ही गटाच्या बैठकीत दाखवला. हप्ते गोळा झाले होते, वहीवर सह्या झाल्या होत्या. एका मोबाईलभोवती पंधरा डोकी.

एक काकू म्हणाल्या, "ह्या बाया काय गोट्या खेळायल्यात?"

आम्ही खेळ समजावून सांगितला. मग दुसरीने विचारलं, "वय काय असंल ह्यांचं?" आम्ही म्हणालो, तुमच्या-आमच्या एवढंच. सगळ्या गप्प झाल्या.

त्या गप्प बसण्यात त्याच काकू हळूच बोलल्या, "शाळेत मला कबड्डीत कुणी धरू शकत नव्हतं. सातवीपर्यंत."

त्यांची सून शेजारीच बसली होती. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आत्या, तुम्ही कधी सांगितलं नाही." काकू म्हणाल्या, "इचारलं कुणी?"

मैत्रिणींनो, हे आम्हाला लागलं. त्या काकू आमच्या गटात किती तरी वर्षं आहेत. त्यांनी किती कर्ज घेतलं, किती फेडलं, ते आम्ही वही न उघडता सांगू शकतो. किती हंगाम त्या ऊसतोडीला गेल्या तेही माहीत आहे. डोक्यावर मोळी घेऊन त्या ट्रकच्या फळीवर कशा चढतात तेही ऐकलंय. त्यांची कंबर कधीपासून दुखते, पिशवी कधी काढली, तेही माहीत आहे. पण त्या काय खेळायच्या ते आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. बाईचं शरीर कामाचं आणि दुखण्याचं, एवढंच आम्हीही धरून चाललो होतो. चूक आमची होती.

आठ मार्चला आपण कार्यक्रम घेतो. रांगोळी, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची. बायका हसतात, बक्षिसाचा डबा घेतात, घरी जातात. ते वाईट नाही. पण तो एक दिवसाचा खेळ, पंचमीसारखाच. आम्हाला दर आठवड्याचा एक तास हवा होता.

जागा शोधायला गेलो तर पहिलं उत्तर मिळालं, "बायांना मैदान कशाला? पोरांना खेळू द्या." पोरं म्हणजे आमचीच पोरं. एका ताईने पोराला सरळ विचारलं, "बॅट कुणाच्या कर्जातून आली रे?" पोरगा हसला आणि रविवारी संध्याकाळी एक तास मैदानाचा एक कोपरा आम्हाला सुटला. त्याचा ठराव आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवलाय, सह्यांसकट. लिहिलेलं असलं की पुढच्या वर्षी पुन्हा मागावं लागत नाही.

पहिल्या रविवारी पाचच जणी आल्या. त्याही पदर तोंडाला लावून. एकीच्या घरून निरोप आला, पाहुणे आलेत म्हणून ती अर्ध्यातून गेली. पुढे संख्या कमी-जास्त होत राहिली. दिवाळीनंतर तर निम्मा गट कोयता घेऊन कारखान्यावर गेला आणि खेळ थांबला. काकूही गेल्या. परत आल्यावर पुन्हा सुरू केला. आम्ही खोटं सांगणार नाही, हे सोपं नाही. पण एक बदल झाला. आता काकू मैदानात उशिरा आल्या तर सूनच म्हणते, "भाकरी मी टाकते, तुम्ही जा."

आपल्या अंगणातला बोल्स

तुम्हालाही करून पाहायचं असेल तर सांगतो. महागाचे चेंडू लागत नाहीत, कापलेलं गवतही लागत नाही. हा अस्सल लॉन बोल्स नव्हे, पण त्याची चव कळते.

आठ सोललेले नारळ घ्या. चारांना हळदीचं बोट लावा, चारांना कुंकवाचं. हे झाले दोन संघ. नारळ पूर्ण गोल नसतो, त्यामुळे तोही सरळ जात नाही, वळतो. कुठला नारळ कसा वळतो ते दोन-तीनदा टाकून ओळखायचं. जॅक म्हणून एक मोसंबी. उभं राहायला एक पोतं.

जागा सपाट बघा. खडे वेचा, झाडून घ्या, हलका सडा मारा. आपली काळी माती, पाऊस पडून गेला असेल तर चिखल सुकू द्या. पंचवीस-तीस फूट लांबी पुरते. एका संघात चौघी, प्रत्येकीला एक नारळ. मोसंबी गडगडवून टाका, मग आळीपाळीने नारळ सोडा. चौथी बाई मोसंबीजवळ उभी राहून खुणा करेल आणि शेवटी स्वतःचा नारळ टाकेल. अंतर मोजायला सुतळी घ्या, वाद होणार नाहीत. सात फेऱ्या करा, अर्ध्या-पाऊण तासात होतात.

काळजी एवढीच घ्या. कमरेतून एकदम वाकू नका, एक पाय पुढे टाकून गुडघ्यातून वाका. नारळ उचलून फेकू नका, जमिनीलगत सोडा. जिचं ऑपरेशन झालंय, जिची कंबर धरते किंवा जी गरोदर आहे, तिने आधी डॉक्टरांना विचारावं. तोवर तिने सुतळी आणि गुणांची वही सांभाळावी. खेळात तेही लागतं.

आणि खेळ संपल्यावर नारळ फोडून खोबरं वाटून घ्या. आमच्याकडे त्यासाठीच दोघी-तिघी जास्त येतात.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कुणी उद्या देशासाठी सोनं आणेल असं आम्ही म्हणत नाही. पण तुमच्या गावातली एखादी दहावीतली मुलगी ते मैदान रोज लांबून बघत असेल. तिने आईला, चुलतीला तिथे खेळताना पाहिलं, तर तिला तिथे जाताना विचार करावा लागणार नाही.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी एवढं एक काम. बचत गोळा झाली, सह्या झाल्या, की उठू नका. एकेकीला विचारा, "लहानपणी तू काय खेळायचीस?" आणि तिच्या नावापुढे ते लिहून ठेवा. कबड्डी, लंगडी, खो-खो, सागरगोटे, जे असेल ते. सुना-लेकी शेजारी बसलेल्या असतील तर फारच चांगलं.

काय काय निघतं ते आम्हाला कळवा. आम्ही दिंद्रुडच्या सगळ्याजणी वाट बघतोय.